न झालेल्या युद्धाचं स्मारक

अर्जेंटिनाच्या नकाशावर बोट ठेवून ते खाली खाली नेत गेलं, की जमीन निमुळती होत होत एके ठिकाणी तुटते. मध्ये मॅगेलनची सामुद्रधुनी, पलीकडे तिएरा देल फ्वेगो नावाचं भलंमोठं बेट आणि त्या बेटाच्या दक्षिण काठावर उश्वाया. तिथून अंटार्क्टिका हजारेक किलोमीटरवर. देशाची राजधानी ब्युनोस आयर्स मात्र त्याच्या दुपटीहून लांब. दुकानांच्या पाट्यांवर, टी-शर्टांवर, कॉफीच्या मगांवर एकच गोष्ट छापलेली असते : जगाचा शेवट. बँकेतून निवृत्त झाल्यावर एक तरी लांबचा प्रवास मनासारखा करायचा, असं सौ.नं आणि मी ठरवलं होतं. धाकट्या लेकीला स्पॅनिश येतं, तिनं रजा काढली आणि तिघं निघालो.

लोक तिथं पेंग्विन बघायला जातात, हिमनदी बघायला जातात, अंटार्क्टिकाची बोट पकडायला जातात. आम्हीही पेंग्विनसाठीच गेलो होतो. पण आठ दिवस मुक्काम केल्यावर लक्षात आलं, की हे गाव सगळ्यात जास्त बोलतं ते एका युद्धाबद्दल. आणि ज्या दुसऱ्या युद्धाबद्दल ते फारसं बोलत नाही, त्याच्या जिवावर ते जगतं. पहिलं युद्ध झालं. दुसरं टळलं. आज लिहायचं आहे ते या दोन युद्धांबद्दल.

आधी गावाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. समोर बीगल चॅनेलचं काळंनिळं पाणी, मागे बर्फाच्या टोप्या घातलेले डोंगर आणि मध्ये उतरणीवर रंगीत पत्र्यांची घरं. सान मार्टिन नावाच्या मुख्य रस्त्यावर लोकरीचे स्वेटर, चॉकलेटं आणि सेंतोया नावाचा समुद्री खेकडा. आपल्या कुर्लीला त्याच्यापुढे पोर म्हणावं, एवढा त्याचा पसारा. उन्हाळ्यात रात्री दहालाही उजेड असतो, आणि एकाच दिवशी ऊन, पाऊस, वारा आणि बर्फ अशी चारही सोंगं आभाळ वठवून दाखवतं.

अशा ठिकाणी माणसं आपण होऊन राहायला फारशी येत नाहीत, त्यांना आणावं लागतं. १८८१ मध्ये अर्जेंटिना आणि चिली यांनी हे बेट करारानं वाटून घेतलं. १८८४ च्या ऑक्टोबरमध्ये उश्वायात अर्जेंटिनाचा झेंडा लागला. पण नुसत्या झेंड्यानं ताबा सिद्ध होत नाही, वस्ती लागते. म्हणून १९०२ पासून तिथं तुरुंग बांधायला घेतला, तोही कैद्यांच्याच हातून. चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या पाच ओळी बघताना अंदमानच्या सेल्युलर जेलची आठवण आल्यावाचून राहत नाही. कैदी जंगल तोडत, छोट्या आगगाडीतून लाकूड आणत आणि गाव बांधत. १९४७ मध्ये पेरॉन सरकारनं हा तुरुंग बंद केला. पुढे १९७२ मध्ये एक कायदा झाला, या बेटावर करमाफी मिळाली आणि टीव्ही, रेडिओ जुळवणारे कारखाने आले. पाठोपाठ उत्तरेकडून कामकरी माणसं आली. १९८० च्या सुमारास ज्या गावात दहा-अकरा हजार माणसं होती, तिथं आज ऐंशी हजारांच्या आसपास आहेत. तुरुंग काय आणि करमाफी काय, दोन्हींच्या मागे सरहद्दीची धास्ती होती. आपण वस्ती केली नाही तर शेजारी करील!

ज्यांची ही भूमी मुळातली, ते यागान लोक या हिशेबात कुठेच नव्हते. छोट्या होड्यांतून याच पाण्यावर जगणारे हे लोक, गोऱ्यांबरोबर आलेल्या गोवरासारख्या साथींनी अक्षरशः संपले. उश्वाया हे नावदेखील त्यांच्याच भाषेतलं. ती भाषा जन्मापासून बोलणारी शेवटची स्त्री, क्रिस्तिना काल्देरॉन, फेब्रुवारी २०२२ मध्ये पलीकडच्या चिलीच्या काठावर वारली. कुणाचा हक्क आधीचा, हा वाद इथे कुणीही काढला तरी त्या बाईच्या मागेच उभं राहावं लागतं.

आता झालेल्या युद्धाकडे वळू.

आपण ज्यांना फॉकलंड म्हणतो, त्या बेटांना अर्जेंटिनात माल्विनास म्हणतात. १८३३ पासून ती ब्रिटनच्या ताब्यात आहेत. अर्जेंटिनाच्या कागदपत्रांत मात्र ती तिएरा देल फ्वेगो प्रांतात मोडतात आणि त्या प्रांताची राजधानी उश्वाया. म्हणजे इथला राज्यपाल कागदोपत्री स्टॅन्लीचाही राज्यपाल! आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर ताळेबंदात वर्षानुवर्षं दाखवलेली, पण ताब्यात नसलेली मालमत्ता. उश्वाया स्वतःला माल्विनासची राजधानी म्हणवून घेतं. किनाऱ्यालगतच्या चौकाला त्या बेटांचं नाव आहे. तिथल्या स्मारकात बेटांचा आकार कोरून आरपार काढून टाकलेला आहे. जिथे बेटं असायला हवीत तिथे पोकळी, आणि पोकळीतून पलीकडचं आभाळ दिसतं. दर वर्षी १ एप्रिलच्या रात्री लोक थंडीवाऱ्यात जागरण करतात, कारण २ एप्रिल १९८२ ला अर्जेंटिनाचं सैन्य त्या बेटांवर उतरलं होतं.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, बँकेत नुकताच लागलो होतो. मुंबईत गिरणी संप सुरू होऊन अडीच महिने झाले होते, घराघरांत तोच विषय. दक्षिण अटलांटिकमधली ती बेटं आमच्या लेखी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची एक बातमी होती. त्या बेटांवर ज्यांना पाठवलं ती मुलं माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान होती, हे मला उश्वायात उभं राहिल्यावर नीट कळलं. सक्तीच्या भरतीतली, बहुतेक १९६२ आणि १९६३ साली जन्मलेली मुलं.

त्यांना का पाठवलं, तेही सांगायला हवं. देशावर लष्करी राजवट होती. हजारो माणसं बेपत्ता झाली होती, महागाईनं लोक कावले होते. ३० मार्च १९८२ ला ब्युनोस आयर्समध्ये कामगार रस्त्यावर उतरले आणि पोलिसांचा मार खाऊन परतले. तीन दिवसांनी त्याच शहरात, त्याच सरकारच्या जयजयकारासाठी गर्दी लोटली, कारण बेटं 'परत मिळाली' होती. जनरल गाल्तिएरींना आणखी काय हवं होतं? चौऱ्याहत्तर दिवसांनी, १४ जूनला, शरणागती झाली. अर्जेंटिनाचे ६४९, ब्रिटनचे २५५ आणि बेटांवरचे तीन नागरिक, एवढी माणसं गेली. काही दिवसांत गाल्तिएरी पायउतार झाले आणि पुढच्या वर्षी देशात निवडणुका झाल्या.

त्या ६४९ पैकी ३२३ एकाच बोटीवरचे. 'जनरल बेलग्रानो' ही ती क्रूझर. मूळची अमेरिकन, तेव्हाचं नाव 'फिनिक्स'. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर जपानी बॉम्ब पडले तेव्हा ती तिथंच उभी होती आणि साधा ओरखडाही न येता निसटली होती. ४१ वर्षांनी, २६ एप्रिल १९८२ ला ती उश्वायाच्या धक्क्यावरून निघाली. २ मे रोजी ब्रिटिश पाणबुडी 'कॉन्करर'नं तिला टॉर्पेडो मारले. ती तेव्हा ब्रिटननं जाहीर केलेल्या युद्धक्षेत्राच्या बाहेर होती आणि तिचं तोंड पश्चिमेकडे होतं, यावरून पुढे ब्रिटनमध्येही पुष्कळ वाद झाला. वाचलेल्यांना तराफ्यांवरून उचलून उश्वायालाच आणलं गेलं.

आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण निवृत्त शिक्षिका. त्या वर्षी ती सोळा वर्षांची होती. धक्क्यावर उभी असलेली ती करडी बोट तिला आठवते. "मुलं परत आली तेव्हा त्यांच्या अंगावर दुसऱ्यांचे कपडे होते," ती म्हणाली आणि गप्प झाली. माझ्या लेकीनं ते वाक्य मराठीत सांगितलं, पुढचं काही विचारायची आमची छाती झाली नाही.

परतलेल्या सैनिकांची दैना ही वेगळीच कहाणी. त्यांना रात्रीच्या अंधारात बराकींत नेलं, तोंड बंद ठेवायला सांगितलं. हरलेला सैनिक कुणालाच नको असतो. भुकेनं मेंढी चोरली म्हणून आपल्याच अधिकाऱ्यांनी थंडीत हातपाय जमिनीला बांधून ठेवलं, अशा तक्रारी घेऊन त्यांतले काहीजण पुष्कळ वर्षांनी याच प्रांतातल्या कोर्टात गेले.

हे सगळं माहीत असूनही, त्या चौकात उभं राहिलं की मान खाली जाते. ज्यांची मुलं गेली त्यांना स्मारक हवंच. त्याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते पुढच्या गोष्टीबद्दल.

उश्वायाच्या धक्क्यावरून रोज पर्यटकांच्या बोटी सुटतात. समुद्रसिंह बघायचे, पाणकावळे बघायचे, लाल-पांढऱ्या दीपगृहाला वळसा घालायचा आणि परत यायचं. या फेरीत उजव्या हाताला सतत एक डोंगराळ काठ दिसत राहतो. तो चिली. मध्ये फक्त काही किलोमीटर पाणी. या चॅनेलच्या पूर्व तोंडाशी पिक्तन, लेनॉक्स आणि नुएवा अशी तीन बेटं आहेत. या तीन बेटांपायी १९७८ च्या डिसेंबरात दोन देश युद्धाच्या उंबरठ्यावर पोचले होते.

१९७७ मध्ये लवादानं ही बेटं चिलीला दिली. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला अर्जेंटिनानं तो निवाडा धुडकावला. दोन्हीकडे लष्करशहा, दोन्हीकडे छाती पुढे काढलेली. चिलीनं सरहद्दीवर सुरुंग पेरले. अर्जेंटिनाचा हल्ल्याचा बेत २२ डिसेंबरचा ठरला होता, आरमारं समुद्रात होती. समुद्राला त्या दिवसांत वादळी उधाण होतं, त्यात थोडा वेळ गेला. तेवढ्यात पोप जॉन पॉल दुसरे यांचा निरोप आला, की माझा माणूस पाठवतो. नाताळ उलटताच कार्डिनल अँतोनियो सामोरे नावाचे वृद्ध धर्मगुरू येऊन पोचले, ब्युनोस आयर्स आणि सांतियागो अशा खेपा घालत राहिले. ८ जानेवारी १९७९ ला मोंतेविदेओमध्ये दोन्ही सरकारांनी बळाचा वापर न करण्याचं लेखी मान्य केलं. करार व्हायला मात्र जवळजवळ सहा वर्षं लागली. सामोरे त्याआधीच, १९८३ मध्ये, वारले. नोव्हेंबर १९८४ मध्ये अर्जेंटिनाच्या नव्या लोकशाही सरकारनं हा प्रश्न थेट जनतेपुढे ठेवला. ऐंशी टक्क्यांहून अधिक मतं कराराच्या बाजूनं पडली. बेटं चिलीकडे गेली, समुद्राची वाटणी दोघांनी समजुतीनं केली.

आमच्या मालकीणबाईंची आई चिलीची. उश्वायात अशी घरं पुष्कळ आहेत. १९७८ च्या त्या नाताळात वडिलांनी खिडक्यांना काळं कापड लावलं होतं आणि शेजारणी आईशी बोलेनाशा झाल्या होत्या, असं त्या सांगत होत्या. युद्ध झालं असतं तर ते पहिल्यांदा त्यांच्या स्वयंपाकघरात झालं असतं.

हिशेब मांडायची सवय हाडात मुरलेली आहे, म्हणून विचारतो. आज उश्वाया कशावर जगतं? पर्यटकांवर, अंटार्क्टिकाच्या बोटींवर, बंदरावर. आणि हे सगळं ज्या पाण्यावर चालतं ते पाणी शांत आहे, कारण १९७८ चं युद्ध झालं नाही. १९८२ च्या युद्धानं गावाला काय दिलं? एक चौक आणि एक न भरणारी जखम. त्यातही या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. १९८२ मध्ये चिलीशी करार अजून झालेला नव्हता, म्हणून थंडी-बर्फात लढायला तयार असलेल्या डोंगरी पलटणी चिलीच्या सरहद्दीवर अडकून पडल्या. त्यांच्याऐवजी माल्विनासवर गेली ती कोरिएंतेससारख्या उष्ण उत्तरेकडची पोरं, ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता. शेजाऱ्याशी न मिटवलेल्या भांडणाची किंमत अशी भलत्याच ठिकाणी, भलत्यांनाच मोजावी लागते.

तरीही मला आठ दिवसांत त्या गावात १९७८ चं स्मारक दिसलं नाही. सामोरे यांचं नाव डोंगरातल्या एका खिंडीला दिलेलं आहे, पण ती पार उत्तरेला. टळलेल्या युद्धाला हुतात्मे नसतात, त्यामुळे पुष्पचक्र कुठे ठेवायचं हा प्रश्न पडतो. पुढाऱ्यांनाही तिथं भाषण ठोकता येत नाही.

जखम मात्र मधूनमधून ठसठसत राहते. फेब्रुवारी २०१२ मध्ये फॉकलंडला जाऊन आलेल्या दोन पर्यटक बोटींना उश्वायाच्या बंदरानं प्रवेश नाकारला. २०१४ मध्ये ब्रिटिश टीव्हीचे कार्यक्रमवाले मोटारी घेऊन आले. एका गाडीच्या नंबरात ९८२ हा आकडा आणि फॉकलंडची आठवण करून देणारी अक्षरं निघाली. तो योगायोग, असं ते म्हणाले, पण माजी सैनिक खवळले आणि मंडळींना गाड्या टाकून पळ काढावा लागला. ज्याचा भाऊ बेलग्रानोबरोबर बुडाला त्याला तो आकडा कसा दिसत असेल, हे मी समजू शकतो. पण तिशीतल्या पोरानं, जो तेव्हा जन्मलाही नव्हता, त्यानं तोच राग वारशानं घ्यावा का?

कुणी म्हणेल, मग काय बेटं सोडून द्यावीत? हे सांगणारा मी कोण! त्या देशाच्या राज्यघटनेतच १९९४ पासून त्या बेटांवरचा हक्क नोंदलेला आहे. दुसऱ्या बाजूला, बेटांवर पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसं आहेत. २०१३ मध्ये त्यांनी मतदान केलं तेव्हा ब्रिटनबरोबर राहायला नको म्हणणारी मतं फक्त तीन निघाली. हेही खरं आणि तेही खरं. पण बँकेत आम्ही एक गोष्ट शिकलो. कर्जाचा दावा मुदतबाह्य होऊ नये म्हणून तीन वर्षांच्या आत कर्जदाराकडून लेखी कबुली घ्यायची, की दावा जिवंत राहतो. त्यासाठी त्याच्या घरात दांडके घेऊन घुसावं लागत नाही. राष्ट्रांनाही आपले दावे कागदावर, मंचावर, वाटाघाटीत जिवंत ठेवता येतात. दावा शंभर वर्षं थांबू शकतो. एकोणीस वर्षांच्या पोराला मात्र एकदाच आयुष्य असतं.

या युद्धाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो, तो सांगतो. १९८२ मध्ये ब्रिटिश आरमाराची प्रमुख नौका होती विमानवाहू 'हर्मिस'. पुढे ती भारतानं विकत घेतली. १९८७ मध्ये ती 'आयएनएस विराट' झाली आणि तीस वर्षं मुंबई हे तिचं घर होतं. फोर्टमधल्या शाखेत असताना जेवणाच्या सुट्टीत मी कैकदा गेटवेवरून तिला लांबवर उभी पाहिली आहे. २०१७ मध्ये ती निवृत्त झाली. मालवणजवळ, निवतीच्या समुद्रात तिचं संग्रहालय करायचा बेत आपल्या राज्य सरकारनं २०१८ मध्ये मंजूर केला होता. माल्विनासला लढलेली बोट मालवणला यायची होती! पण ते जमलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ती गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत काढायला गेली. आता गंमत पाहा. १९८२ मध्ये अर्जेंटिनाकडेही एक विमानवाहू नौका होती, 'बेइंतीसिंको दे मायो'. मे महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत तिच्यावरची विमानं ब्रिटिश आरमारावर झेपावणार होती, पण वारा पडल्यामुळे उड्डाणं झाली नाहीत. तीही २००० च्या सुमारास अलंगलाच आली होती. ज्या दोन बोटी महासागरात एकमेकींच्या मागावर होत्या, त्या वीस वर्षांच्या अंतरानं एकाच वाळूवर येऊन भंगाराच्या भावानं गेल्या. त्यांचं पोलाद वितळून कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये गेलं असेल.

माणसांचं काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. युद्धानंतर बेटांवर विखुरलेले अर्जेंटिनाच्या सैनिकांचे मृतदेह १९८३ मध्ये गोळा करून दफन केले ते एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं, जेफ्री कार्डोझोनं. ज्यांची ओळख पटली नाही त्यांची प्रेतंही त्यानं नीट गुंडाळली, कुठे काय सापडलं याच्या काटेकोर नोंदी केल्या. २००८ मध्ये लंडनला आलेल्या अर्जेंटिनाच्या माजी सैनिकांच्या हाती त्यानं ते कागद दिले. त्या नोंदींचा आधार पुढे मोलाचा ठरला. दोन्ही सरकारांची संमती मिळाल्यावर २०१७ मध्ये रेडक्रॉसनं थडगी उघडून डीएनए तपासले आणि शंभराहून अधिक जणांना त्यांची नावं परत मिळाली. मार्च २०१८ मध्ये आया तिथे गेल्या आणि पस्तीस वर्षांनी पहिल्यांदा आपल्या मुलाच्या नावावर हात फिरवून आल्या. पेरलेले सुरुंगही आता निघाले आहेत. बेटांवरचे आणि चिलीनं सरहद्दीवर पेरलेलेही, दोन्ही २०२० मध्ये संपले.

म्हणजे वैर धरलेल्या माणसांना एकमेकांच्या मेलेल्यांची काळजी घेता येते. तीच काळजी जिवंतपणी घेतली तर काय होतं, ते पाहायला बीगल चॅनेलच्या काठावर जावं. शाळांमधून मुलांना २ एप्रिल शिकवतात, तो शिकवावाच. त्याबरोबर ८ जानेवारीही शिकवावा. आणि त्या माल्विनास चौकाजवळच, पाण्याकडे तोंड करून, १९७८ चं एक साधं स्मारक उभं राहावं. त्यावर नावं कोरायची गरज नाही. त्या डिसेंबरात दोन्ही काठांवर बंदुका घेऊन उभी असलेली मुलं आज माझ्याच वयाची, पासष्टीच्या पुढेमागे आहेत. त्यांतले कित्येक संध्याकाळी नातवंडांचा हात धरून तिथंच फिरायला येत असतील.